घरची माणसे आणि घरातले पुस्तक

कार्ल ओव्हे क्नाउसगोर या नॉर्वेजियन लेखकाची 'मिन कांप' ही सहा खंडांची कादंबरी २००९ ते २०११ या काळात ऑस्लोमध्ये प्रसिद्ध झाली. एकूण पृष्ठे सुमारे ३६००. त्या देशाची लोकवस्ती तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास होती, आणि तेवढ्या लोकांत या खंडांच्या मिळून पाच लाखांच्या घरात प्रती खपल्या. काही कचेऱ्यांतून आठवड्यातला एक दिवस या पुस्तकाविषयी न बोलण्याचा ठरवावा लागला, ही वदंता तर वृत्तपत्रांनी जगभर नेली. नावही असे की कोणीही दचकावे. मराठीत 'माझा लढा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिटलरच्या पुस्तकाचेच ते नाव.

एवढे रामायण कशाचे? कादंबरीत खून नाही, कारस्थान नाही. नववर्षाच्या आदल्या रात्री बियरच्या बाटल्या मोठ्या माणसांच्या नजरेआड नेणारी पोरे आहेत. लहान मुलांच्या वाढदिवसाला गेलेला, इतर आईबापांत अवघडून बसलेला एक बाप आहे. आणि पहिल्या खंडाच्या उत्तरार्धात लेखकाच्या वडिलांचा मृत्यू आहे. पेशाने शिक्षक असलेला हा मनुष्य दारूच्या आहारी जाऊन क्रिस्तियानसान येथे आपल्या वृद्ध आईच्या घरी मेला. त्याच्या मागे दोघे मुलगे ते घर साफ करतात. बाटल्या, घाण, कुजलेले कपडे, जिन्याचे कठडे. पानेच्या पाने नुसती घासपूस चालते. ज्याच्या धाकात बालपण गेले त्या बापासाठी मुलगा रडतो, आणि आपण का रडतो हे त्याला कळत नाही. आमच्या मते साऱ्या सहा खंडांत याच्या तोडीचे दुसरे काही नाही. या खंडाला २००९ सालचे ब्रागे पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले.

अनेक वाचकांना हे पुस्तक आपलेच वाटले. बापाविषयीची भीती, लेकरांचा कंटाळा, बायकोवरचा चडफडाट या गोष्टी मनात येतात, पण कोणी लिहीत नाही. याने नावगावासकट लिहिल्या. काहींनी विचारले की ही कादंबरी म्हणायची कशी? हा प्रश्न आम्हांला फारसा अवघड वाटत नाही. वीस वर्षांपूर्वीचे संभाषण शब्दशः कोणाच्याही स्मरणात नसते. ते जो प्रसंग म्हणून उभे करतो तो कादंबरीच लिहितो, पात्रांची नावे खरी असली तरी.

परंतु वाचकांचा आणखी एक वर्ग होता, आणि त्याच्याविषयी लिहावे म्हणूनच आज लेखणी उचलली. हे वाचक त्या पुस्तकातच होते.

छपाईपूर्वी लेखकाने हस्तलिखित नातेवाइकांकडे पाठविले. वडिलांच्या भावाने कडाडून आक्षेप घेतला, कोर्टाची भाषा केली. काही नावे बदलावी लागली. वडिलांचे नाव तर घातलेच नाही, ते केवळ 'बाबा' राहिले. पुढे घराण्यातील चौदा जणांनी 'क्लासेकांपेन' या वृत्तपत्रात पत्र लिहून या लेखनाला जुडासचे वाङ्मय म्हटले. आपल्याकडे याला घरभेदीपणा म्हणतात. बिभीषणाला रामभक्त म्हणून कितीही मान दिला, तरी मुलाचे नाव बिभीषण कोणी ठेवीत नाही.

चुलत्याची तक्रार मात्र केवळ अब्रूची नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याचे म्हणणे असे की, लिहिले ते खरेच नाही. घराची अशी दशा झाली नव्हती. म्हणजे जो प्रसंग आम्ही वर सर्वश्रेष्ठ म्हटला, त्याच्याच पायाला हात घातला गेला. सहाव्या खंडात लेखक या आरोपाने पुरता हादरलेला दिसतो. आपण पाहिले ते खरेच पाहिले का, की बापावरच्या रागाने आपण ते रचले, असे तो स्वतःला विचारीत राहतो. प्रामाणिकपणाची जी ख्याती या पुस्तकाला लाभली ती बापाच्या बाटल्या मोजल्यामुळे, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला ती या पानांमुळे पटते. दुसऱ्याचे दोष सांगण्यास धैर्य लागते खरे, परंतु आपली साक्षच खोटी असेल ही शंका छापून देण्यास अधिक लागते.

आता बायकांची बाजू. पहिल्या पत्नीने, घटस्फोटानंतर आपले खाजगी आयुष्य देशभर वाचले गेल्यावर, २०१० साली नॉर्वेच्या नभोवाणीवरून आपला अनुभव सांगितला. दुसरी पत्नी लिंडा बोस्त्रोम क्नाउसगोर ही स्वतः लेखिका. तिच्या मानसिक आजाराचे वर्णन सहाव्या खंडात आहे. तिने २०१९ साली स्वीडिश भाषेत 'ओक्टूबरबार्न' हे पुस्तक लिहिले; त्यात मनोरुग्णालय आहे, विजेचे उपचार आहेत, आणि त्या उपचारांत गळत गेलेली स्मृती आहे. सहावा खंड वाचणाऱ्याने हे छोटे पुस्तक शेजारी ठेवावे. नॉर्वेत हा प्रकार येथेच थांबला नाही. विग्दिस योर्त हिच्या २०१६ सालच्या कादंबरीत वाटणीचे भांडण आणि बापावरचा भयंकर आरोप होता. तिची बहीण हेल्गा योर्त हिने २०१७ साली स्वतःच कादंबरी लिहून उत्तर दिले. एकाच घरातल्या दोन कैफियती पुस्तकांच्या दुकानात शेजारी शेजारी लागल्या!

हे सारे वाचताना आम्हांला राहून राहून आपल्या कुळवृत्तांतांची आठवण होते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घरांत एखादा तरी जाड कापडी बांधणीचा कुळवृत्तांत कपाटात असतोच. मूळ पुरुष, सनदा, नोकऱ्या, पिढ्यांचे वंशवृक्ष, सुनांची माहेरची नावे, सारे त्यात सापडते. मात्र एखाद्या नावापुढे 'तरुणपणी देशांतरास गेले' किंवा नुसते 'निपुत्रिक' एवढेच असते, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना त्या दोन शब्दांमागचे दहा प्रसंग ठाऊक असतात. दारू, वेड, आडात टाकलेली उडी, सोवळ्या आत्याबाईंचे आयुष्य या गोष्टींना वृत्तांतात रकाना नाही. क्नाउसगोरने तोच रकाना ३६०० पानांचा केला, म्हणून आमच्यासारख्या वाचकाला तो एकाच वेळी मोह घालतो आणि भिववितो.

मराठीला हा वाद नवा नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा आपली लक्तरे चव्हाट्यावर कशाला, असे त्यांच्याच समाजातील काहींनी विचारले. परंतु त्या लक्तरांची लाज वास्तविक नेसविणाऱ्यांना वाटावयास हवी होती. सुनीताबाई देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' या १९९० सालच्या पुस्तकावर घरोघर वाद झाले, पु. ल. हयात होते, आणि त्यांच्याविषयी असे लिहावे का, हाच बहुतेकांचा सवाल होता. लिहिणारीला असे जगावे लागले का, हा सवाल त्या मानाने थोड्यांनी केला.

आमचे मत विचाराल तर, बापाविषयी लिहिण्याचा मुलाचा हक्क आम्ही मान्य करतो. ते बालपण त्याचेही होते आणि त्याची झीज त्याने सोसली होती. आजारी पत्नीविषयी तेवढ्याच मोकळेपणाने लिहिण्याचा हक्क आम्हांला तितका स्वच्छ वाटत नाही, तिने आडकाठी केली नसली तरी. ज्याच्यावर घर उभे आहे त्याला नको म्हणणे सोपे नसते. आणि मुले? त्यांचे रडणे, हट्ट, स्वभाव सारे तेथे आहे. संमती देण्याचे त्यांचे वयच नव्हते.

सहाव्या खंडाच्या अखेरीस आपण आता लेखक उरलो नाही, याचा आनंद क्नाउसगोर व्यक्त करतो. पुढे २०२० साली त्याची 'मोर्गेनस्त्येर्नेन' ही नवी कादंबरी आली, हे ओघाने सांगून ठेवतो. पहिला खंड इंग्रजीत 'अ डेथ इन द फॅमिली' या नावाने २०१२ साली आला, शेवटचा २०१८ साली. प्रथम वाचणाऱ्याने पहिलाच घ्यावा आणि बियरच्या बाटल्यांपाशी कंटाळून तो मिटू नये. सहाव्याची घाई नको. त्यात मध्येच हिटलरच्या तरुणपणावर शेकडो पानांचा निबंध आहे, आणि तो ओलांडण्यास आम्हांला दोन उन्हाळे लागले.