गांजाला परवाना नाही, प्रशासनाला मुदत आहे

बीड जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांतल्या जमीनधारकांनी, बटईदारांनी, सरपंचांनी, पोलीस पाटलांनी आणि जिल्हा प्रशासनानेही हे नीट वाचावं.

गांजा लावण्याचा परवाना ग्रामपंचायत देत नाही. तहसीलदार देत नाहीत, कृषी अधिकारी देत नाहीत, जिल्हाधिकारीही देऊ शकत नाहीत. कुणी दारात येऊन ‘फाईल वर गेलीय, पाच हजार द्या, परवाना हातात देतो’ म्हणाला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका; सरळ पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवा.

‘अर्ज टाकलाय, उत्तर आलं नाही, म्हणजे परवानगी आहे’ ही पळवाट कुणाच्या डोक्यात असेल तर तीही काढून टाका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली होती. कुठल्याच पिकाला भाव राहिला नाही, हे त्याचं कारण. १५ सप्टेंबरपर्यंत कळवा, नाहीतर परवानगी मिळाली असं धरून १६ तारखेपासून लागवड करतो, असंही त्याने लिहिलं. बातमी राज्यभर गाजली. पोलिसांनी हा प्रसिद्धीसाठी केलेला प्रकार ठरवला आणि झाडं लावली तर गुन्हा दाखल करू, असं बजावलं. अर्जामागचा राग खोटा नव्हता. ज्याने हमीभावाखाली सोयाबीन विकलंय त्याला तो कळेल. पण साहेब गप्प बसले म्हणून कायदा बाजूला होत नाही.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ८ ने गांजाच्या झाडाची लागवड बंद केली. ती खुली करण्याची वाट त्याच कायद्यात आहे. कलम १० प्रमाणे राज्य सरकार नियम करून परवानगी देऊ शकतं, आणि कलम १४ प्रमाणे फक्त धाग्यासाठी, बियांसाठी किंवा बागकामासाठी सरकारी आदेशाने लागवड होऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये याच वाटेने नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या औद्योगिक भांगेला वाट करून दिली. हिमाचल प्रदेशने २०२५ च्या जानेवारीत तिथल्या दोन विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या हातात मात्र असा कुठलाही कागद नाही. मोबाईलवर डोंगरातल्या शेताचे व्हिडिओ बघून काळ्या रानात बी टाकणाऱ्याला ते व्हिडिओ कोर्टात उपयोगी पडणार नाहीत.

‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ हे तर बीडकरांनी बोलूच नये. २०१२ च्या सुरुवातीला याच जिल्ह्यात अफूची शेतं सापडली, तेव्हा शेतकरी सांगत होते की आम्ही खसखस लावली. खसखस बाजारात उघड मिळते, मग लावायला काय हरकत, हा त्यांचा हिशेब होता. अफूच्या बोंडातूनच खसखस निघते, आणि अफूचा पट्टा केंद्राच्या नार्कोटिक्स ब्युरोकडून मिळतो, तोही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरवून दिलेल्या भागातच, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. छापा पडल्यावर सगळ्यांनीच सांगितलं.

आता शिक्षेचं. कलम २० प्रमाणे गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एक किलोच्या आत किती, वीस किलोच्या वर किती, हा वजनाचा हिशेब बाळगलेल्या मालासाठी. लागवडीला तो नाही. बांधाला दोन झाडं असोत की तुरीच्या ओळींत दोनशे, कलम तेच. वर कलम ५४ असं की, तुम्ही कसलेल्या रानात झाड उभं दिसलं तर गुन्हा तुमचाच, असं कोर्ट आधी धरून चालतं. तसं नाही हे पटवायची जबाबदारी तुमची.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी इथे थांबून दोनदा वाचावं. मुकादमाची उचल घेतली, रान बटईने दिलं, दिवाळीच्या पुढे-मागे टोळी कारखान्यावर गेली. तुम्ही कोपीत, आणि इकडे तुमच्या सातबाऱ्यावरच्या कपाशीत बटईदाराने गांजा धरलेला. खरिपातलं झाड नेमकं त्याच दिवसांत फुलावर येतं, वास सुटतो, खबर जाते. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीतल्या अशा झाडांची माहिती ताबडतोब पोलिसांना देणं जमीनधारकाचं काम आहे, आणि जाणूनबुजून ती लपवणं गुन्हा आहे. तुम्हाला खरंच ठाऊक नसेल तर तुम्ही दोषी नाही. पण ते सांगण्यासाठी पट्टा अर्धवट टाकून, उचल अंगावर ठेवून बीडच्या चकरा माराव्या लागतील. निघण्याआधी रान ओळीओळीने फिरून बघा.

बघताना घाबरून अंबाडी उपटू नका. बांधावरच्या अंबाडीचं पान लांबून तसंच वाटतं. जवळ जाऊन बघा: अंबाडीच्या पानाची बोटं खाली तळव्यासारखी जोडलेली असतात, गांजाची पाच-सात करवती पानं देठापर्यंत सुटी असतात. अंबाडीचं फूल पिवळसर, मधे गडद डोळ्याचं. ती भाजी आहे, राहू द्या. हिरवळीच्या खताचा तागही बिनधास्त पेरा.

सरपंच आणि पंचांना वाटत असेल की हे पोलिसांचं काम आहे, तर कलम ४७ वाचा. बेकायदा लागवड कानावर आली की सरपंच, पंच, गावकामगार आणि प्रत्येक सरकारी अधिकारी यांनी ताबडतोब कळवायचं आहे. न कळवणं हाही गुन्हाच. कलम ३२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आणि ज्याच्यावर या कायद्याने काम सोपवलंय तो अधिकारी सामील निघाला, तर कलम ५९ मध्ये दहा ते वीस वर्षं आहेत. म्हणजे लावणाऱ्यापेक्षा जास्त. तलाठ्याने पीक पाहणी तपासताना कपाशीच्या मधोमध डोक्याएवढी झाडं दिसली नाहीत, असं सांगू नये. आता ई-पीक पाहणीत फोटो लागतो. फोटो कुठल्या कोपऱ्यातून काढला, हे लोक विचारणार आहेत.

परवाना यावा की नाही, यावर माझं मत झाकून ठेवत नाही. धाग्यासाठी, तपासलेल्या बियाण्याने, सरकारी देखरेखीत प्रयोग करायला माझी हरकत नाही. हा देश १९८५ च्या आधी परवान्याने गांजा पिकवत होता. तेव्हाच्या बंगालमधल्या राजशाही जिल्ह्यातल्या नौगावला १९१७ मध्ये गांजा पिकवणाऱ्यांची सहकारी संस्थासुद्धा निघाली होती. पण ती मागणी विधानसभेत करायची. आमदारांना गाठा, मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न लावायला सांगा. तोवर रानात बी टाकून सरकारला कोंडीत पकडू म्हणणारा स्वतःच्या बायकापोरांना कोंडीत टाकतो.

ज्यांच्या रानात आज झाडं आहेत त्यांना मुदत देणारा मी कोण? कायद्याने त्यांना एक दिवसही दिलेला नाही. मुदत आहे ती जिल्हा प्रशासनाला. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर साध्या मराठीत एक पान लागलं पाहिजे: परवाना कुणीही देत नाही, शिक्षा काय, बटईच्या जमिनीची जबाबदारी कुणाची, आणि झाड दिसलं तर कळवायचं कुठे. कळवणाऱ्याचं नाव बाहेर फुटणार नाही, हेही त्यात लिहून द्या. दवंडी द्या, घंटागाडीच्या भोंग्यावर वाचा, ऊसतोड टोळ्या निघण्याआधी मुकादमांना बोलावून सांगा. याला वेगळा निधी लागत नाही.

पान लागलं नाही तर २ तारखेच्या ग्रामसभेत हा विषय उभा राहील आणि सरपंचांनी, ग्रामसेवकांनी काय उत्तर दिलं ते इतिवृत्तात लिहून घेतलं जाईल. ३ ऑक्टोबरला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पडेल: कलम ४७ खाली या जिल्ह्यात किती वेळा माहिती आली, ती दिली नाही म्हणून कुणावर कारवाई झाली, तालुकावार द्या. उत्तराला तीस दिवस आहेत. एकतिसाव्या दिवशी पहिलं अपील.