दहा ग्रॅमची चूल

पाठीवर बिऱ्हाड घेऊन महिनोन् महिने चालणाऱ्यास वजनाचा हिशेब सराफासारखा ठेवावा लागतो. अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन पायवाट सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची आहे. ती एका हंगामात पुरी करू पाहणारे काही पदयात्री दात घासण्याच्या ब्रशची दांडीसुद्धा कापून टाकतात. याच काटकसरीतून तेथे एका घरगुती चुलीचा प्रसार झाला.

शीतपेयाचे दोन रिकामे अ‍ॅल्युमिनियमचे डबे घ्यावयाचे. त्यांचे तळ कापून एकमेकांत घट्ट बसवावयाचे. आत त्याच पत्र्याची पट्टी वर्तुळाकार उभी करून तिच्या खालच्या कडेस खाचा ठेवावयाच्या आणि डब्याच्या वरच्या कडेभोवती सुईने बारीक छिद्रे पाडावयाची. मधल्या खळग्यात स्पिरिट ओतून पेटविले की प्रथम ते उघड्या दिव्यासारखे जळते. पत्रा तापला म्हणजे खाचांतून दोन भिंतींमध्ये शिरलेल्या स्पिरिटची वाफ होते, ती छिद्रांतून जोराने बाहेर पडते आणि ज्योतींचे कडे उमलते. पंप नको, वात नको. चुलीचे वजन अवघे दहा-पंधरा ग्रॅम.

परंतु स्वस्त वस्तूचा खरा भाव तिच्या चालू खर्चात कळतो. अर्धा लिटर पाणी उकळण्यास स्पिरिट साधारण सोळा ग्रॅम लागते, तर गॅस त्याच्या निम्म्याने. दिवसातून दोनदा पाणी उकळल्यास स्पिरिटचे ओझे रोज सोळा ग्रॅमने अधिक भरते. उलट गॅसची छोटी शेगडी व रिकामे नळकांडे मिळून १८० ग्रॅमच्या घरात जातात. डब्याची चूल, वाऱ्याचा आडोसा व बाटली मिळून पन्नासच. म्हणजे आरंभीची १३० ग्रॅमची बचत आठव्या दिवशी संपते. वाटेत चार-पाच दिवसांनी गाव लागत असेल तर डबा फायद्याचा. पंधरवड्याची शिधासामग्री एकदम न्यावयाची असेल तर गॅस.

या हिशेबात एक रकमेची नोंद मात्र सहज राहून जाते. स्पिरिटची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. चूल विझली असे समजून कोणी वरून बाटली ओतली, तर ज्योत धारेवरून थेट हातापर्यंत येते. चुलीला बंद करण्याची कळही नसते. ती कलंडली की जळते स्पिरिट गवतावर पसरते. म्हणूनच वणव्याच्या दिवसांत तेथील अनेक वनक्षेत्रांत कळ नसलेल्या चुलींना मनाई केली जाते. चूल पूर्ण थंड झाल्याखेरीज पुन्हा भरू नये, सपाट उघड्या जमिनीवरच मांडावी आणि तंबूत कधीही पेटवू नये, हे जाणते पदयात्री पहिल्याच दिवशी शिकवितात.

काटक्यांवर चालणारी दुहेरी भिंतीची डबा-चूल इंधनाचे ओझे मुळीच लादत नाही. खालच्या छिद्रांतून शिरलेली हवा भिंतींमध्ये तापून वरच्या छिद्रांतून आत येते आणि धूरही बराचसा जाळते. मात्र भांड्यास काजळी धरते, पावसात काटक्या ओल्या होतात आणि आचेपाशी सतत बसावे लागते.

दोन्ही चुलींचा ताळेबंद एकच सांगतो: पाठीवरून जे उतरले, ते लक्ष देण्याच्या खाती चढते. ती बाजू ज्याला भरावयाची नाही, त्याने जड शेगडीच न्यावी.