आमच्या पैशाचे मैदान

२०२२ सालची दिवाळी आम्ही उभयतांनी अमेरिकेत, सिअॅटल शहराला लागून असलेल्या बेलव्ह्यू गावी माझ्या भाच्याकडे केली. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी सौ. आणि भाचेसून चकलीचा सोऱ्या घेऊन बसल्या होत्या आणि मी नेहमीप्रमाणे निरुपयोगी असा इकडून तिकडे फिरत होतो. तेवढ्यात भाच्याने टपाल आणून टेबलावर ठेवले. त्यात एक जाड लखोटा होता. मला वाटले, कुणाच्या लग्नाचे आमंत्रण असेल. भाचा म्हणाला, "मामा, हे आमचे मत आले."

मत घरी येते ही गोष्ट मला नवी होती. आपल्याकडे मत देण्यासाठी आपण जायचे, रांगेत उभे राहायचे आणि बोटाला शाई लावून परत यायचे. त्या राज्यात सर्व मतदान टपालाने होते. मतपत्रिका घरी येते, ती सवडीने भरायची, पाकिटावर सही करायची आणि टपालात नाहीतर चौकातल्या पोलादी पेटीत टाकायची. तिकिटाचा खर्चही सरकारचा. पाकिटावरची सही कचेरीतल्या नोंदीशी ताडून पाहतात, मगच मत मोजतात.

मतपत्रिकेबरोबर एक पुस्तिकाही येते. तिच्यात उमेदवारांची माहिती तर असतेच, पण काही नुसते प्रश्नही असतात. त्या वर्षी बेलव्ह्यूच्या नगरपालिकेने आपल्या नागरिकांना विचारले होते की, बागा आणि मोकळ्या जागांसाठी नऊ वर्षे घरपट्टीत थोडी वाढ करू का? हो किंवा नाही, एवढेच उत्तर द्यायचे. पुस्तिकेत बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे एकीकडे आणि विरुद्ध बोलणाऱ्यांचे दुसरीकडे, अगदी शेजारीशेजारी छापायची तिथे पद्धत आहे.

त्यावरून भाचा आणि भाचेसून यांच्यात चांगलीच जुंपली. तो म्हणे, कर आधीच पुष्कळ आहेत. ती म्हणे, मुलीला खेळायला नेतोस ती बाग काय आभाळातून पडली? चकल्या गार झाल्या तरी वाद संपेना. शेवटी दोघांनी काय मत दिले ते मला कळले नाही, आणि विचारणेही शोभले नसते. पुढे तो कर मंजूर झाला.

मी मात्र त्या दिवशी जरा गप्पच राहिलो. लोकशाहीचा आम्हाला मोठा अभिमान. पण आजवर मी मत दिले ते माणसाला. अमुक पूल बांधू का, तमुक मैदानावर पैसे घालू का, असे मला माझ्या हयातीत कुणी विचारलेले नाही. आणि त्या वर्षी तर माणसाला मत देण्याचीही सोय उरली नव्हती. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत मार्चमध्येच संपली होती, निवडणुका झाल्या नव्हत्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती होता.

माझा उतरलेला चेहरा पाहून भाचा हसला. म्हणाला, "मामा, आम्हालाही नेहमी विचारतातच असे नाही. चला, तुम्हाला एक जागा दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला सिअॅटलमध्ये दोन प्रचंड क्रीडागृहांपुढे नेऊन उभे केले. एक बेसबॉलचे, दुसरे त्यांच्या फुटबॉलचे. ही दोन्ही ज्या कहाणीतून उभी राहिली ती मी त्याच्याकडून ऐकली आणि परत आल्यावर मुळातून वाचूनही काढली. ती अशी.

सिअॅटल ज्या किंग काउंटीत येते तिथे, म्हणजे आपल्या भाषेत त्या जिल्ह्यात, १९६० आणि १९६६ साली क्रीडागृहाच्या कर्जाला मतदारांनी नकार दिला होता. १९६८ साली मात्र चार कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. बांधायचे कुठे यावर पुन्हा तंटा झाला. ठरलेली जागा १९७० साली मतदारांनी नापसंत केली, आणि शेवटी चिनी, जपानी, फिलिपिनो लोकांच्या जुन्या वस्तीच्या कडेला ते बांधायचे ठरले. तिथल्या तरुणांनी निदर्शने केली, भूमिपूजनाच्या वेळी पुढाऱ्यांवर चिखल फेकला. तरीही १९७६ साली काँक्रीटच्या घुमटाचे ते क्रीडागृह उघडले. त्याचे नाव किंगडोम.

हा घुमट पुरता वीस वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, १९९४ सालच्या जुलैत, सामन्याच्या आधी छताच्या जड फरशा खाली कोसळल्या. प्रेक्षक अजून आत आले नव्हते म्हणून अनर्थ टळला. दुरुस्ती करताना मात्र क्रेनच्या अपघातात दोन कामगार प्राणांस मुकले. दुरुस्तीलाही पाच कोटींच्या वर डॉलर लागले. आणि एवढे झाल्यावर मरिनर्स नावाच्या बेसबॉल संघाचे मालक म्हणाले, आम्हाला स्वतंत्र क्रीडागृह हवे, नाहीतर संघ विकू.

अमेरिकेतली ही तऱ्हा जाणून घेण्यासारखी आहे. तिथे व्यावसायिक संघ खाजगी मालकीचे असतात. मालक संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. मोजक्या संघांसाठी अनेक शहरे आतुर असतात, म्हणून मालकाची मागणी वरचढ ठरते. मुलीकडच्या मंडळींनी हुंड्यासाठी हात जोडावेत, तशी शहरे संघापुढे हात जोडतात. आणि हुंडा जातो करदात्यांच्या खिशातून.

१९९५ साली १९ सप्टेंबरला काउंटीने मतदारांना विचारले की, विक्रीकर दहा डॉलरला एक सेंट वाढवू का? सुमारे पाच लाख लोकांनी मत दिले आणि प्रस्ताव जेमतेम हजार-अकराशे मतांनी पडला. पण पडला तो पडलाच. निवडणुकीत एका मताने हरलेला उमेदवार काही अर्धा निवडून येत नाही.

मौज पुढेच आहे. नेमके त्याच पंधरवड्यात, वर्षानुवर्षे हरणारा तो संघ जिंकू लागला. ऑक्टोबरात त्याने न्यूयॉर्कच्या बलाढ्य यांकींना घरच्या मैदानावर शेवटच्या क्षणी हरवले, आणि सारे शहर वेडे झाले. राज्याच्या विधिमंडळाचे खास अधिवेशन भरले. आठवड्याभरात क्रीडागृहाचा कायदा झाला. विक्रीकर नाकारला होता ना? मग उपाहारगृहातल्या जेवणावर शंभर डॉलरला पन्नास सेंट, भाड्याच्या मोटारींवर थोडे, तिकिटांवर थोडे, शिवाय लॉटरी, असा वेगळा डबा भरून दिला.

त्या राज्याच्या घटनेत एक कलम आहे. विधिमंडळाने केलेला कायदा नापसंत असेल तर पुरेशा सह्या गोळा करून नागरिक तो मतास टाकायला लावू शकतात. अपवाद एकच. सार्वजनिक शांतता, आरोग्य, सुरक्षितता यांच्यासाठी किंवा शासनाच्या कारभारासाठी तातडीने लागणारा कायदा असेल तर हा हक्क चालत नाही. विधिमंडळाने क्रीडागृहाच्या कायद्याला हेच तातडीचे कलम जोडून दिले! तातडी कसली? तर संघमालकांनी ऑक्टोबरअखेरची मुदत घातली होती.

नागरिकांची एक संघटना न्यायालयात गेली. चेंडूफळीच्या मैदानाला आणीबाणी कशी म्हणता, असा तिचा सरळ सवाल होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बहुमताने विधिमंडळाच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या अक्षराला धक्का लागला नव्हता, कारण लोकांनी नाकारलेला कर आणि लावलेला कर वेगळे होते. पण ज्यांनी सप्टेंबरात 'नाही' म्हटले होते त्यांना काय वाटले असेल? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचे, त्यांनी नको म्हटले की "तुमचा मान ठेवूनच" असे म्हणत हवे ते करायचे, हा प्रकार आपल्याला परका नाही.

१९९९ सालच्या जुलैत नवे क्रीडागृह उघडले. खर्च ५१ कोटी ७० लाख डॉलर. ठरल्यापेक्षा वाढलेला खर्च संघाने सोसला आणि त्या बांधकामाचे सार्वजनिक कर्ज २०११ साली मुदतीआधीच फिटले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण जुना घुमट? तो २६ मार्च २००० रोजी सुरुंग लावून काही क्षणांत जमीनदोस्त केला. त्याच्यावरचे कर्ज मात्र जागेवरच उभे राहिले. ते फिटायला २०१५ साल उजाडले. पंधरा वर्षे लोक नसलेल्या इमारतीचे हप्ते भरत होते! घर पाडल्यावरही ज्याला घराचे हप्ते भरावे लागतात त्या गृहस्थाची मनःस्थिती आपल्या मध्यमवर्गीय वाचकांना मी वेगळी सांगायला नको.

घुमटाच्या जागी फुटबॉलचे क्रीडागृह आले. त्याच्यासाठी १९९७ साली राज्यभर मत घेतले. गंमत म्हणजे त्या मतदानाचा खर्च संघ विकत घेऊ पाहणारे धनाढ्य गृहस्थ पॉल अॅलन यांनीच दिला. प्रस्ताव निसटत्या बहुमताने मंजूर झाला आणि तीस कोटी डॉलर सार्वजनिक पैसा दिला गेला. म्हणजे मत घेतले की सारे आलबेल, असेही नाही. ज्याच्याकडे पैसा त्याचा भोंगा मोठा.

तरी लोक शिकतात. २००६ साली सिअॅटलच्या नागरिकांनी स्वतः सह्या जमवून एक प्रस्ताव मतास आणला. त्याचे म्हणणे सोपे होते. संघासाठी शहराने पैसे घालायचे तर त्यांवर निदान सरकारी रोख्यांइतका परतावा मिळाला पाहिजे. शंभरातल्या सुमारे चौऱ्याहत्तर मतदारांनी होकार दिला. त्याची किंमतही त्यांनी मोजली. २००८ साली त्यांचा बास्केटबॉलचा संघ शहर सोडून ओक्लाहोमाला गेला. चाळीस वर्षांचा ऋणानुबंध तुटला, पुष्कळांना रडू कोसळले. पण पुढे त्याच संघाच्या जुन्या सभागृहाचे, १९६२ सालचे छप्पर तसेच ठेवून, खाजगी भांडवलातून नूतनीकरण झाले आणि ते २०२१ साली उघडले. इमारत शहराच्याच मालकीची राहिली. लोक ठाम राहिले की पैसा दुसरीकडूनही निघतो, एवढे त्यावरून दिसते.

माझे एक स्नेही म्हणतात, "प्रत्येक गोष्टीत लोकांना काय विचारायचे? मग नगरसेवक निवडायचे कशाला?" प्रश्न वाजवी आहे. गटार तुंबले तर मत घेत बसू नये. पण जे कर्ज आपल्या मुलांनाही फेडावे लागणार, आणि ज्याचा पहिला लाभ एखाद्या खाजगी मालकाला होणार, तिथे घरच्या माणसांना विचारायला काय हरकत आहे? क्रीडागृहाने गावाचा धंदा वाढतो असे नेहमी सांगतात. या विषयाचा अभ्यास केलेले बहुतेक अर्थशास्त्रज्ञ तसे मानत नाहीत. सामन्याला गेलेला माणूस त्या रात्री सिनेमाला जात नाही, एवढाच फरक. पैसा तोच, खिसा बदलतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. दुसऱ्याच्या गावचा हिशेब मांडून झाल्यावर ती लपवणे बरे नव्हे.

आमच्या घरामागे एक उघडे पटांगण होते. पोरे तिथे विटीदांडू, क्रिकेट, जे जमेल ते खेळत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी वर्तमानपत्रात बारीक टाइपात एक सूचना आली. त्या पटांगणावर क्रीडासंकुल बांधायचे आहे, हरकती व सूचना महिनाभरात लेखी कळवाव्यात. मी ती वाचली. कुंपण घालू नका, मुलांसाठी जागा मोकळी ठेवा, असे पत्र लिहायचे मी मनाशी ठरवले. आज लिहू, उद्या लिहू, असे करता करता सौ.नी त्याच कागदावर कुरडया वाळत घातल्या आणि मुदत टळून गेली. आज तिथे गॅलरी आहे, कोनशिला आहे, भिंत आहे, आणि फाटकाला कुलूप आहे. पोरे गल्लीत खेळतात. आमच्या पुढच्या खोलीची काच आजवर तीनदा फुटली. दर वेळी मी खिडकीतून ओरडतो आणि दर वेळी मला ती सूचना आठवते.

आपल्याकडे खर्चावर मत घेण्याचा कायदा नाही. पण हरकत घेण्याचा हक्क विकास आराखड्याच्या कायद्याने १९६६ पासून दिलेला आहे, आणि दर पाच वर्षांनी नगरसेवक निवडायचा हक्क घटनेने दिलेला आहे. पहिला आम्ही कुरडयांखाली घालतो. दुसरा हातचा गेला तेव्हाही फारसा आरडाओरडा झाला नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपलेल्या महापालिकांसाठी मतदान झाले ते २०२६ च्या जानेवारीत. पावणेचार वर्षे! एवढे दिवस नळाला पाणी आले नसते तर आपण काय केले असते?

त्या निवडणुकीच्या वेळी आमच्या दारी उमेदवार आले. हात जोडून उभे राहिले. मी त्यांना बसवले, चहा दिला आणि एकच विचारले, "पुढच्या वेळी एखाद्या मैदानावर पैसा घालण्याआधी आम्हाला सांगाल का? आणि मागच्या मैदानाचे कुलूप काढाल का?" एकाने हो म्हटले, एकाने बघू म्हटले, एक जण चहा संपवून उठला. तिघांची उत्तरे मी वहीत तारखेसह लिहून ठेवली आहेत.

सौ. म्हणाल्या, "वहीत लिहून काय होणार?"

मी म्हटले, "निदान तिच्यावर कुरडया घालू नका."

तेव्हापासून ती वही देवघराच्या फळीवर आहे.