घरात कोणी माणूस नाही का?

आमच्या गृहभेटीच्या फॉर्मवर एक रकाना आहे : घरात वीज आहे / नाही. गेली कित्येक वर्षं मी 'आहे'वर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळते. मागच्या पावसाळ्यात सल्ला केंद्रात येणाऱ्या एका बाईच्या खोलीत अशीच खूण केली. नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन राहणारी ही बाई ब्लाउज-परकर शिवून पोट भरते. खोली म्हणजे जुन्या बंगल्याचा पार्टिशन घातलेला हॉल. हॉलच्या वैभवातलं उरलं होतं ते बोर्डावरचं दिवा मंद करायचं बटण, डिमर. मुलगी झोपली की दिवा मंद करून ती मशीनवर बसायची आणि दिवा फडफडायला लागायचा. डोकं ठणकायचं, टीप वाकडी जायची. महिनाभर तिनं हे काढलं.

महिनाभर का, तर एकट्या बाईच्या खोलीत मिस्त्री आला की शेजारी काय बोलतात ते तिला ठाऊक होतं. मालक म्हणाला, "तुम्हीच काहीतरी केलं असेल." अखेर इलेक्ट्रिशियन आला. दारातूनच त्यानं विचारलं, "घरात कोणी माणूस नाही का?" ती त्याच्यासमोर उभी होती! मग खाली मालकाशी बोलून त्यानं निकाल दिला : सगळं वायरिंग बदलावं लागेल. खर्च अर्थातच बाईंचा.

मैत्रिणींनो, यातली 'बायकांना न कळणारी' गोष्ट केवढी आहे ते पाहू. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. जुन्या धर्तीचा डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा सुरुवातीचा तुकडा कापतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. तारेच्या पिवळ्या बल्बला ते जाणवत नाही. तापलेली तार मधल्या क्षणात विझत नाही. एलईडीत अशी धग नसते. शिवाय हे डिमर तारेच्या बल्बसाठी केलेले. पुष्कळांना निदान ४० ते ६० वॅटचा भार लागतो. भार कमी पडला की आतला इलेक्ट्रॉनिक स्विच मधेच सुटतो, पुन्हा लागतो. तिचा बल्ब होता ९ वॅटचा, आणि खोक्यावर 'डिमेबल' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली, स्वस्त एलईडी घरोघर गेले, वीज वाचली, चांगलंच झालं. पण भिंतीवरच्या जुन्या बटणाशी नव्या दिव्याचं जमेल का, हे दिव्याखाली काम करणाऱ्या बाईला कोण सांगणार होतं?

हे शब्द तिला येत नव्हते. पण बटण पूर्ण फिरवलं की दिवा स्थिर राहतो, निम्म्याखाली आणला की थरथरतो, आणि तेव्हा पार्टिशनपलीकडचे दिवे शांत असतात, एवढं तिनं पाहून ठेवलं होतं. निम्मं निदान इथेच झालं होतं. इलेक्ट्रिशियननं तिला विचारलं नाही. मीही विचारलं नाही, हे कबूल करते. मी पोटगीची तारीख विचारत होते.

पुढचं काम दहा मिनिटांचं. बटण बंद करून, थंड झालेला एलईडी काढून त्याच होल्डरमध्ये ६० वॅटचा पिवळा बल्ब लावला. दिवा मंद केला तरी स्थिर. म्हणजे दोष वायरिंगचा नव्हता, डिमर आणि दिवा यांच्या जोडीचा होता. यावर उपाय दोन : एलईडीसाठी केलेला, कमी वॅटवर चालणारा डिमर आणि 'डिमेबल' लिहिलेला दिवा, दोन्ही मिळून; नुसता दिवा बदलून पुष्कळदा भागत नाही. नाहीतर डिमर काढून साधा स्विच. तिनं स्विच निवडला आणि मशीनपाशी छोटा टेबल लॅम्प घेतला. काम वायरमननंच केलं, पण काय करायचं ते तिनं सांगितलं. वायरिंगचा खर्च तिनं साफ नाकारला.

सगळ्या घराचे दिवे एकदम कमी-जास्त होत असतील, बोर्ड गरम लागत असेल, जळका वास किंवा चरचर येत असेल, तर मात्र प्रयोग नकोत. न्यूट्रल सैल असू शकते. मेन बंद करा आणि जाणत्या वायरमनला बोलवा. बोर्ड उघडण्यापूर्वीही मेनच बंद हवा. डिमरचं बटण बंद म्हणजे वीज बंद, असं धरून चालू नका.

केंद्रातल्या एक-दोघी म्हणाल्या, हा काय चळवळीचा प्रश्न? शिबिरात आपण कलमं पाठ करून घेतो. ४९८-अ जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ आली, तर तीही लगेच शिकवली. फ्यूज, अर्थिंग, न्यूट्रल मात्र आपल्या टिपणांत नाहीत. मुलीला आयटीआयमध्ये घालताना आपणही शिवणकर्तनाच्या रांगेत उभ्या राहतो, वायरमनच्या नाही. आणि फडफडणाऱ्या उजेडात फिरतं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं, हे त्या शिवणाच्या वर्गात तरी सांगतात का? डोळ्यांना न दिसणाऱ्या थरथरीनंही डोकं दुखू शकतं. अभियंत्यांच्या आयईईई या संघटनेनं २०१५ साली एलईडीच्या थरथरीबद्दल शिफारशी काढल्या, त्यामागे आरोग्याचीच काळजी होती. आपण मात्र बाईला चष्म्याचा नंबर तपासायला पाठवतो.

माझी मागणी साधी आहे. दर शिबिरातला अर्धा दिवस विजेला द्या. येताना प्रत्येकीनं घरच्या बल्बचं खोकं आणावं, मी आमच्या खोलीतून निघालेला तो डिमर आणते, तो उघडून बघू. फॉर्मवरचा रकानाही बदलायला घेतला आहे : वीज आहे का, एवढं विचारून थांबायचं नाही, बोर्डाची, दिव्याची तक्रार काय आणि ती कुणी ऐकली, हेही लिहायचं.