सहीमागचा अनुभव

दुरुस्तीनंतर विमान सेवेत सोडण्यास योग्य आहे, अशी सही परवानाधारक देखभाल अभियंत्याने केल्याशिवाय ते आकाशात झेपावू शकत नाही. शेकडो प्रवाशांचा जीव या सहीवर विसंबलेला असतो. २०२३ या एकाच वर्षात एअर इंडियाने ४७०, तर इंडिगोने ५०० नव्या विमानांची मागणी नोंदवली. एवढ्या विमानांसाठी अभियंते हवेत, हे खरेच. पण त्यांची चणचण आहे म्हणून पात्रता सैल करणे हा त्यावरचा उपाय असू शकत नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ‘सीएआर-६६’ नियमांनी ही पात्रता नेमकी आखली आहे. विमानाचा सांगाडा व इंजिन यांसाठी ‘बी-१’ आणि एव्हिऑनिक्स म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी ‘बी-२’ असे परवान्याचे मुख्य वर्ग आहेत. प्रत्येक विषयात उत्तीर्ण होण्यासाठी ७५ टक्के गुण लागतात. जेट विमानांच्या ‘बी-१’ परवान्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतरही प्रत्यक्ष देखभालीचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. पुढे ज्या प्रकारच्या विमानावर सही करायची, त्याचे ‘टाइप रेटिंग’ घ्यावे लागते. परवाना मिळाल्यावरही त्याचे अधिकार वापरायचे, तर मागील दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते.

नियम चोख आहेत. दुखणे अनुभवाच्या पायरीवर आहे. अभ्यासक्रम पुरा झाल्याचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, हे अनेक पालकांना लाखोंचे शुल्क भरल्यावर कळते. नंतर मुले अनुभवासाठी हँगरचे उंबरठे झिजवतात. ज्याला अनुभव मिळत नाही, त्याच्यासमोर कागदोपत्री अनुभवाचा आडमार्ग उभा राहतो. तो मार्ग प्रवाशांच्या जिवावर उठणारा आहे.

पण निव्वळ अनुभवही पुरेसा नाही. हाताला शिस्त नसेल आणि शरीर थकलेले असेल, तर काय होते हे १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बर्मिंगहॅम-मालागा विमानात दिसले. सुमारे १७ हजार फुटांवर कॉकपिटची काच उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी धरून ठेवल्यामुळे ते वाचले. उड्डाणाआधीच्या एका रात्रपाळीत ही काच बसवताना लावलेल्या ९० बोल्टपैकी ८४ मापाने बारीक होते. सुट्या भागांची सूची न पाहता ते जुन्या बोल्टशी नजरेने जुळवले होते. हे काम नवख्याचे नव्हते. अपुरे मनुष्यबळ असलेल्या पाळीत एका अनुभवी पाळीप्रमुखाने ते केले होते.

म्हणून महासंचालनालयाने तीन गोष्टी कराव्यात. प्रशिक्षण संस्थांच्या जागा हँगरमधील अनुभवाच्या हमीशी बांधाव्यात. नागपूरच्या मिहानमधील देखभाल केंद्रांनीही त्यासाठी दारे उघडावीत. लॉगबुकमधील अनुभवाच्या नोंदी प्रत्यक्ष कामाच्या चाचणीने पडताळाव्यात. आणि वैमानिकांप्रमाणेच अभियंत्यांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांना काटेकोर, बंधनकारक मर्यादा घालावी. पालकांनीही प्रवेशाआधी संस्थेची मान्यता तपासावी आणि अनुभव कुठे मिळणार, हे लेखी मागावे.

विमाने पैसे मोजून आणता येतात. अनुभवी अभियंता घडायला वर्षे लागतात. ती वर्षे कमी करण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीच्या वेळापत्रकाला नाही.