जगतापांचे अक्षर

एका सरकारी दफ्तरखान्यात मोडी कागदांचे रुमाल सोडण्यात आणि बांधण्यात माझी हयात गेली. मजकूर कारकुनाच्या हातचा की खुद्द धन्याच्या, कागद अस्सल की नक्कल, अखेरीस लेखनसीमेचे मोर्तब आहे की नाही, याची रुजुवात घालणे हा ज्याचा पेशा, त्याची आयुष्यभराची भक्ती अशा एका लेखकावर जडावी की ज्याने आपली पहिलीच कथा दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्याच्या अक्षरात धाडली होती, हा योगायोग मला अद्यापही नवलाचा वाटतो.

तो लेखक म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. गुरू फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ मध्ये ज्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी ज्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७२ साली केंब्रिजहून परतून जे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले, त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी कथा लिहिली, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा फिरवून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव धारण केले, आणि परीक्षकांपैकी कोणी आपले अक्षर ओळखील या शंकेने साऱ्या कथेची नक्कल पत्नी मंगलाताई यांच्या हातून, ज्या स्वतः गणिताच्या विदुषी होत्या, करवून घेतली. ‘कृष्णविवर’ ही ती कथा. पहिले पारितोषिक जगतापांना मिळाले.

दफ्तरात बनावट कागद मी पुष्कळ पाहिले. त्या प्रत्येकात कोणीतरी आपल्याहून थोराच्या नावाचा आसरा घेतलेला असे. वतन चालू राहावे, इनामाची जमीन हाती लागावी, भाऊबंदकीत वाड्याचा एक खण जास्त मिळावा, एवढ्याचसाठी. परंतु ज्याचे नाव थोर आहे त्याने एका अज्ञात जगतापाचे नाव पत्करावे, आणि तेही कथेचा निवाडा केवळ कथेवरच व्हावा म्हणून, असे दुसरे उदाहरण माझ्या अवलोकनात नाही.

‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह १९७९ साली निघाला. पुढच्या वर्षी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात तो आला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. उजव्या सोंडेच्या गणपतीची कथा वाचली त्या रात्री मी वहीच्या पानाची एक लांब पट्टी कापली, तिला एकच पीळ दिला आणि टोके खळीने जोडली. मग पेन्सिलीची रेघ ओढत निघालो, तो हात कोठेही न उचलता ती रेघ दोन्ही अंगांवर उमटून आरंभाच्या ठिकाणी परत आली. त्या पट्टीचे मोबियस हे नाव मला तेव्हा नीट उच्चारताही येत नव्हते. आजीच्या देव्हाऱ्यातला डाव्या सोंडेचा गणपती मी आरशासमोर धरला, त्याची सोंड उजवीकडे वळलेली दिसली, आणि ज्या मिती आपल्याला दिसत नाहीत त्यांतून फिरून आलेली मूर्ती खरोखरीच अशी परतू शकेल, हा विचार मनात आल्यावर झोप आली नाही. हे सारे दूरच्या देशी, परक्या नावाच्या माणसांच्या घरी घडले असते तर मी ते कौतुकाने वाचून बाजूस ठेवले असते. ते आमच्या देव्हाऱ्यात घडले.

मात्र माझ्या पेशामुळे मला जी सर्वाधिक प्रिय झाली, ती कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा दुनियेत जाऊन पोचतात, जिच्यात १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे पानिपतावर विजयी झाले, मराठी सत्ता टिकली, आणि मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून चालू आहे. हे पालटले कसे, याचा शोध घेण्यासाठी ते काय करतात? ते कोणा जाणत्याला विचारीत नाहीत. सरळ टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बसतात आणि एकामागून एक पुस्तके काढून वाचीत जातात, ज्या ठिकाणी दोन इतिहासांची फारकत झाली ते पान सापडेपर्यंत. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या दुनियेत त्यांच्या कानाजवळून निघून गेली होती. आपल्या दुनियेत परतल्यावर पंतांच्या बोलण्यावर कोणी का विश्वास ठेवावा? त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान राहिलेले असते. पुंजभौतिकीची अनिश्चितता आणि एका क्षणातून फुटणाऱ्या अनेक दुनियांची कल्पना कथेत पुढे येते. पण त्या सर्व सिद्धांताचा भार लेखकाने टाकला आहे तो एका फाटक्या कागदावर, आणि कागदाचे मोल जाणणाऱ्या माझ्यासारख्याचा जीव त्यात गुंतला यात नवल नाही. त्यानंतर दफ्तरात एखाद्या पानाचा तुटलेला कोपरा हाती आला की तो बाजूस सारताना माझा हात अडखळू लागला.

त्यांच्या कथांतील पात्रे पुष्कळदा कृश असतात, आणि उकल सांगण्यासाठी अखेरीस कोणी शास्त्रज्ञ मित्र हजर होतो, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे व तो मला मान्य आहे. भक्ताने देवाचे भंगलेले बोट झाकून ठेवू नये. परंतु ज्या लेखकाला आपल्यापेक्षा आपली कल्पना पुढे असावी असे वाटते, त्याची पात्रेही त्याच्यासारखीच बाजूला उभी राहणार.

गंगाधरपंतांच्या त्याच कथेत एक प्रसंग आहे. आझाद मैदानावरील मांडवात व्याख्यान चालू आहे, व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. नऊशे नव्व्याण्णव सभांची अध्यक्षस्थाने भूषविलेल्या गंगाधरपंतांना ते पाहवत नाही, ते जाऊन तीत बसतात, आणि अध्यक्षीय भाषणाची प्रथाच मोडीत काढलेले श्रोते त्यांच्यावर तुटून पडतात. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, नारळीकर त्याचे अध्यक्ष होते, आणि प्रकृतीच्या कारणाने ते येऊ शकले नाहीत. त्यावर बरीच नाराजी व्यक्त झाली. मला ते वृत्त वाचताना गंगाधरपंत आठवले आणि मन भरून आले.

अशा माणसाची भक्ती करणे सोपे नाही, कारण भक्तीविषयीच तो साशंक असतो. ज्योतिष खरे की खोटे याची परीक्षा त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने घेतली ती २०० पत्रिका जमवून, त्यांतील निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या व निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येकी ४० पत्रिका दिल्यावर २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली, आणि ती नाणे उडवून मिळणाऱ्या यशापलीकडे गेली नाहीत. स्वतःच्या शास्त्रातही ते बहुमताच्या आश्रयाला गेले नाहीत. विश्व एका महास्फोटातून जन्मले हे मत जगभर रूढ झाल्यावरही हॉईल यांच्यासह ते अखेरपर्यंत निराळा पर्याय मांडीत राहिले. मी यथाशक्ती दोन्ही बाजू वाचल्या, आणि पुरावा मला महास्फोटाच्या बाजूने अधिक वाटतो. हे लिहिताना हात कापतो. तथापि त्यांच्याच पुस्तकांवर वाढलेल्या वाचकाला याहून वेगळे लिहिण्याची मुभा नाही.

मुले स्वाक्षरी मागू लागली की ते ती लगेच देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि खाली सही करीन, असा त्यांचा परिपाठ होता. हे कळले तेव्हा मी मूल राहिलो नव्हतो, तरीही एक कार्ड आणले, त्यावर पुण्याच्या ‘आयुका’ या त्यांच्या संस्थेचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला आणि प्रश्नाचा विचार करू लागलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आकाशाशी जडले नाते’मध्ये सापडले. दुसऱ्याचे थोडे शोधल्यावर आणखी एका पुस्तकात. तिसरा प्रश्न खरे तर प्रश्न नव्हता, सही मिळवण्याचा बहाणा होता, हे माझे मलाच उमगले. ज्याने पारितोषिक मिळवताना आपले नाव पुढे येऊ दिले नाही, त्याच्याकडून नुसते नाव मागून घेणे मला जमेना. पुढे वर्षे गेली. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते निवर्तले.

ते कार्ड गंगाधरपंतांच्या पानांत आहे. परवा माझी नात पुस्तक चाळत असता ते खाली पडले. एका अंगाला पत्ता आणि दुसरे अंग कोरे पाहून तिने विचारले, “आजोबा, यावर काय लिहायचं होतं?” मी तिला टेबलाशी बसवले, वहीचे एक पान कापले आणि खळ कालवायला घेतली.