सरासरी कंपनीची, नुकसान मात्र आपलं

पीक विम्याचे आकडे आले की आपल्याकडं दरवेळी तेच ऐकायला मिळतं: "माझं सगळं सोयाबीन वाहून गेलं, पण आमचं मंडळ बसलंच नाही." साहेबलोक म्हणतात, नियमाप्रमाणे झालंय. बरोबर आहे, नियमाप्रमाणेच झालंय. माझं भांडण त्या नियमाशीच आहे.

गणित अवघड नाही. आधीच्या 7 वर्षांतली चांगली 5 वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे 70 टक्के धरायचे. हे झालं उंबरठा उत्पादन. यंदाची मंडळाची सरासरी त्याच्या खाली गेली तरच पैसे, तेही जेवढी तूट तेवढ्याच प्रमाणात.

आता समजा, एका मंडळाची जुनी सरासरी हेक्टरी 15 क्विंटल आहे. उंबरठा झाला 10.5. पीक कापणी प्रयोगाला 10 शेतं निवडली. त्यातली 3 कयाधूच्या काठची, तिथं दाणासुद्धा नाही. बाकीची 7 माळावरची, तिथं 15 क्विंटल. बेरीज 105, भागिले 10, सरासरी बरोबर 10.5. तूट शून्य, भरपाई शून्य! ज्या तिघांचं पार वाटोळं झालं त्यांनाही शून्यच.

दुसऱ्या मंडळात दहाही शेतांत साडेदहा क्विंटल उतरलं. तिथली सरासरीही 10.5. विम्याच्या लेखी दोन्ही मंडळं सारखीच. बी.कॉम.च्या लेकरांनो, तुम्ही जे प्रमाण विचलन परीक्षेपुरतं पाठ करता ना, ते नेमकं इथं कामाचं आहे. दुसऱ्या मंडळात ते शून्य येतं, पहिल्यात जवळपास 6.9. त्या 6.9 मध्ये तीन घरांचं वर्ष बुडालंय, आणि योजनेत त्याला रकानाच नाही.

सरासरी खोटी नसते. प्रश्न एवढाच, की ती कुणाच्या कामाची? कंपनीकडं लाखो शेतं आहेत. इथं बुडालं तर तिथं निघतं, म्हणून तिला सरासरीवर धंदा करता येतो. शेतकऱ्याकडं एकच शेत आणि एकच हंगाम. त्याच्या वाट्याला सरासरी येतच नाही. त्याच्या वाट्याला 15 येतात, नाहीतर शून्य.

पूर्वी याला एक आधार होता. ओढ्याचं पाणी शिरलं तर 72 तासांत कळवायचं, मग त्या शेताचाच पंचनामा व्हायचा. 2025 च्या खरिपापासून आपल्या राज्यानं ते काढून टाकलं. हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचं नुकसानही गेलं. उरला फक्त कापणी प्रयोग. शिवाय 2023 ला आलेला एक रुपयाचा विमाही बंद झाला. हप्ता वाढला आणि संरक्षण घटलं, याला सुधारणा म्हणायचं का?

कुणी म्हणेल, बोगस अर्ज झाले होते. झाले होतेच, नाही कोण म्हणतं? मग बोगसवाल्यांना पकडा. सातबारा तपासा, ई-पीक पाहणीशी ताळा घाला. चोर सापडत नाही म्हणून सगळ्या गावाचा पंचनामाच बंद करायचा, हा कुठला न्याय? आणि अतिवृष्टीचं सरकारी अनुदान मिळालं ना, असंही सांगू नका. अनुदान ही मदत आहे. विम्याचा हप्ता आम्ही भरलाय.

मागण्या तीनच आहेत. एक, स्थानिक आपत्तीत शेतनिहाय पंचनामा परत सुरू करा. दोन, मंडळाऐवजी गाव हे एकक धरा. तीन, नुसती सरासरी नको, दहाही प्रयोगांचे वेगवेगळे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

आणि आपणही एक करू. आपल्या मंडळात कापणी प्रयोग कोणत्या गटात आहे ते विचारा, त्या दिवशी तिथं उभे राहा, वजनाचा फोटो काढून ठेवा. सेनगाव असो, औंढा असो की वसमत, दहा वजनं हातात असली की साहेबाशी नुसतं भांडावं लागत नाही, हिशोब मागता येतो.

पटलं तर आपापल्या गावच्या ग्रुपवर टाका.